उजव्या सीटवरचे आप्पा

विमानात डावी सीट कॅप्टनची आणि उजवी सहवैमानिकाची. उजवीकडून डावीकडे सरकायला मिळावं म्हणून आमच्या धंद्यातली पोरं देव पाण्यात घालून बसतात. आप्पा मात्र उलटे आले. हवाई दलात पंधरा-सोळा वर्षं डाव्या सीटवर बसलेला हा माणूस सेहेचाळिसाव्या वर्षी आपण होऊन उजव्या सीटवर येऊन बसला. आणि डावीकडे होते मी, वय वर्षं एकोणतीस.

गाव त्यांचं बोरगाव, निपाणीजवळचं. मी बेळगावची. कंपनीच्या कागदांवर त्यांचं नाव आणि जुना हुद्दा सगळं व्यवस्थित होतं. पण बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर सामान चढवणाऱ्या मंडळींनी पहिल्याच आठवड्यात त्यांना आप्पा करून टाकलं आणि मग आमचेही ते आप्पाच झाले.

सैन्यातून आलेल्या ज्येष्ठ वैमानिकांबद्दल मी बरंच ऐकून होते. तरुण कॅप्टन शेजारी असला, त्यातून बाई असली, तर ते उतरेपर्यंत व्याख्यान देतात, असं सगळे सांगायचे. म्हणून पहिल्या दिवशी मी जरा कंबर कसूनच ब्रीफिंगच्या खोलीत शिरले. तर हे खाडकन उभे राहिले. केस पिकलेले, मिशी नीट कातरलेली, बूट असे की वाकलं तर तोंड दिसावं.

"गुड मॉर्निंग, कॅप्टन."

"सर, बसा ना," मी म्हणाले.

"तुम्ही मला सर म्हणू नका. मी तुम्हाला सर म्हणायचं. म्हणजे मॅडम. न्हाय, कॅप्टनच बरं."

त्या दिवशी चार उड्डाणं झाली. मी जे सांगेन ते त्यांनी केलं, एकदासुद्धा "आमच्याकडे असं करायचे" म्हणाले नाहीत. संध्याकाळी घरी जाऊन मी आईला सांगितलं, माणूस हिरा आहे. हिऱ्यात काय अडचण आहे ते कळायला मला पाच महिने लागले.

त्यांच्या सवयी मात्र पहिल्या आठवड्यातच तोंडपाठ झाल्या. वाऱ्याचा अहवाल हातात आला तरी ते बाहेर जाऊन विमानाच्या शेपटीपाशी उभे राहायचे आणि डोळे मिटून मान हळूहळू फिरवायचे. नवे लोक दचकायचे. मी विचारलं तर म्हणाले, "दोन्ही कानांत सारखा आवाज आला की समजायचं, वाऱ्याकडं तोंड झालं. कागद खोटा न्हाय, पण कागद अर्ध्या तासापूर्वीचा हाय."

अकरा वाजले की डबा उघडायचा. त्यात ज्वारीची भाकरी आणि खर्डा. कंपनीचं जेवण ते हात जोडून परत करायचे. खर्ड्याचा वास कॉकपिटमध्ये कोंडू नये म्हणून खाली उतरून, पंखाच्या सावलीत उभ्यानंच खायचे. दिवस संपला की खिशातलं फडकं काढून आपल्या बाजूची काच, सीटचे हात, कागद ठेवायची फळी, सगळं पुसून काढायचे. "आपण उठलो की दुसरा कुणीतरी बसणार. त्याला आपली घाण कशाला?"

आणि एक छोटी वही होती. तीत रोज स्वतःची एक चूक लिहायची. कधी "टॉवरला उत्तर द्यायला उशीर", कधी "बोलताना आवाज चढला", कधी नुसतंच "घाई". एकदा मी डोकावून पाहिलं तर त्या दिवसापुढे लिहिलं होतं, "दिसली न्हाय."

"म्हणजे आज चूक झाली नाही?" मी विचारलं.

"झाली असणारच की. दिसली न्हाय एवढंच."

हवाई दलातल्या गोष्टी सांगा म्हणून आमची पोरं त्यांच्या मागे लागायची. बर्फाळ डोंगरांत त्यांनी मालवाहू विमानं उडवली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. आप्पा म्हणायचे, "पोती टाकायचो. बटाटे, रॉकेल, तांदूळ. एकदा पिंजरेच्या पिंजरे भरून कोंबड्या नेल्या. माझ्याइतक्या कोंबड्या आकाशात कुणी फिरवल्या न्हाईत." यापुढे गोष्ट जायची नाही. मग हवाई दल सोडलं का, असं विचारलं तर एवढंच म्हणायचे, "पुढचं प्रमोशन टेबलाचं होतं. मला टेबल चालवायला येत न्हाय."

पण नागरी परवाना काही सैन्यातल्या अनुभवावर आयता मिळत नाही. लेखी परीक्षा द्याव्या लागतात, विशीतल्या मुलांच्या बरोबरीनं. आप्पांनी त्यांचा अभ्यास निपाणीत चुलत्यांच्या तंबाखूच्या वखारीत बसून केला, कारण घरी माणसांचा राबता फार. हवामानशास्त्राचं एकेक प्रकरण आणि शंभर शिंका, असा हिशेब होता म्हणे. हवामानात पहिले आले आणि नियमांच्या पेपरात नापास झाले.

"तुम्ही नापास कसे?" मी थक्क होऊन विचारलं होतं.

"प्रश्न असा होता की अमुक वेळी वैमानिकानं काय करावं. खाली चार पर्याय. मी चारही करून बसलेलो. आता कुठल्यावर खूण करू?"

दुसऱ्या खेपेला पास झाले. त्यांच्या बाई, म्हणजे पत्नी, निपाणीत हायस्कूलला शिकवतात. त्यांनी निकालाच्या दिवशी म्हणे एवढंच विचारलं, "आता पुस्तकातलं उत्तर दिलंसा न्हवं?"

घोषणांचा किस्सा तर कंपनीभर झाला होता. बेंगळुरूहून बेळगावला येताना आप्पा इंग्रजी, हिंदी झाल्यावर मराठीत आणि कन्नडमध्येही बोलायचे. "उजवीकडं खाली मलप्रभेचं धरण दिसतंय, यंदा पाणी बरं हाय," असं काहीबाही. लोक खिडकीला नाकं लावायचे. मग एक तक्रार आली की कन्नड आधी का. पाठोपाठ दुसरी आली की मराठी मुळात का. आप्पांनी विचार करून तोडगा काढला. सम तारखेला मराठी आधी, विषम तारखेला कन्नड आधी. महिनाभर तो चालला. मग एकतीस तारखेनंतर एक तारीख आली, दोन्ही विषम, आणि तिसरी तक्रार दाखल झाली. कंपनीनं कंटाळून फक्त इंग्रजी आणि हिंदी ठेवलं. तेव्हापासून आप्पा उतरणाऱ्या माणसांना दारात उभं राहून ज्याच्या त्याच्या भाषेत निरोप द्यायला लागले. कोणाची कुठली भाषा हे ते चेहऱ्यावरून ओळखायचे आणि चुकलं तर जीभ चावून लगेच बदलायचे.

आता त्या दुपारची गोष्ट. माझी चूक आहे, त्यामुळे मीच सांगितलेली बरी.

दिवसातलं चौथं उड्डाण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खानापूरला माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. बेळगावला उतरता आलं नाही तर दुसऱ्या शहरात मुक्काम पडणार आणि साखरपुडा हुकणार, हे माझ्या डोक्यात होतं. असायला नको होतं, पण होतं. वारा पाठीमागून ढकलत होता. आमचा नियम साधा आहे. जमिनीपासून पाचशे फुटांवर वेग, उंची आणि दिशा ठरल्या चौकटीत पाहिजेत. एक जरी बाहेर असलं तर उतरणं सोडून पुन्हा वर जायचं, याला गो अराउंड म्हणतात. दोघांपैकी कुणीही तो शब्द उच्चारला की चर्चा नाही, वर जायचं.

पाचशे फुटांवर माझा वेग जास्त होता. मला दिसत होतं. आप्पांना तर माझ्याहून आधी दिसलं असणार. मी म्हणाले, "करेक्ट करतेय." ते म्हणाले, "येस, कॅप्टन."

विमान धावपट्टीवर टेकलं ते टेकायच्या जागेच्या बरंच पुढे. ब्रेक जोरात लावावे लागले. थांबलो, टोकाच्या अलीकडे थांबलो. मागे कुणाला काही कळलं नाही, दोघा-तिघांनी तर टाळ्याही वाजवल्या.

प्रवासी उतरले. दारातून निरोप देऊन आप्पा परत आले, पण फडकं न काढता तसेच बसून राहिले.

"कॅप्टन, मी उद्या रिपोर्ट लिहिणाराय. तुम्हाला आधी सांगतो."

"कसला रिपोर्ट?"

"पाचशे फुटांवर मी गो अराउंड म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं न्हाय."

माझं डोकं फिरलं. "आप्पा, वेग जास्त होता तो विमानातल्या मशीननं टिपलाय. आठवड्याभरात ऑफिसला आपोआप कळेल, मला एक पत्र येईल, संपलं. तुम्ही कशाला वाढवताय?"

"मशीनला वेग कळतो. मी गप्प बसलो ते मशीनला कळत न्हाय."

"पण उतरलो की आपण!"

"तेच तर," ते म्हणाले. "उतरतंय हे मला दिसत होतं. म्हणूनच गप्प बसलो. तिकडं डोंगरात एक वळण घेतलं की परत फिरायला जागाच नसायची. उतरायचंच. वीस वर्षं हेच केलं. आणि कॅप्टन बोलला की संपलं, हेही वीस वर्षं केलं. या दोन्ही सवयी घेऊन मी तुमच्या शेजारी बसलोय. मागं सत्तर माणसं हाईत. त्यांनी कोंबड्यांचं तिकीट काढलेलं न्हाय."

मी बॅग उचलून निघून गेले. साखरपुड्याला पोचले, पेढा खाल्ला, तो गोड लागला नाही.

रिपोर्ट गेला. मशीनच्या आकड्यांवर मला नुसती समज मिळाली असती, ती आता चौकशी झाली. मला दोन आठवडे उड्डाणावरून काढून पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं. बेळगावच्या घरी बसून राहायचे दिवस आले. माझे वडील निवृत्त शिक्षक, आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेलं. तेसुद्धा फणफणत होते. "हवाई दलातला माणूस आणि चहाडी करतो? जाऊन विचारतो मी त्याला."

"विचारू नका बाबा," मी म्हणाले. पण मनातून मलाही विचारायचंच होतं.

उत्तर तिसऱ्याच माणसानं दिलं. प्रशिक्षण केंद्रावर आमचे मुख्य प्रशिक्षक मला म्हणाले, "तू रागावली आहेस ते दिसतंय. तुला ठाऊक आहे का, त्याच्या रिपोर्टमध्ये तुझ्याबद्दल एकच ओळ आहे. बाकी दीड पान स्वतःबद्दल. आणि त्याची कॅप्टनची परीक्षा पुढच्या महिन्यात होती. ती आता वर्षभर पुढे गेली."

मला हे ठाऊक नव्हतं. आप्पांनी सांगितलंच नव्हतं. त्या दुपारी फडकं न काढता ते बसून राहिले होते, तेव्हा त्यांना ते ठाऊक असणारच.

मी माफी मागितली असं लिहायला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. परत आल्यावर पहिल्या उड्डाणाला मी एवढंच म्हणाले, "आप्पा, आज विमान तुम्ही उडवा, लक्ष मी ठेवते." ते म्हणाले, "चुकलो तर सांगा." मी म्हणाले, "सांगते." आणि त्या दिवशी मी त्यांना तीनदा टोकलं, दोनदा उगीचच. तिन्ही वेळा ते "थँक्यू, कॅप्टन" म्हणाले. तिसऱ्या वेळी मला हसू फुटलं आणि ते प्रकरण तिथं मिटलं.

त्यांचं शिकणं मात्र चालूच होतं. मोठ्या आवाजात "नाही" म्हणायचा ते सराव करत. खरंच करत. गाडी घेऊन बोरगावहून सांबऱ्याला येताना काचा बंद करून "गो अराउंड! गो अराउंड!" असं ओरडत यायचे. संकेश्वरच्या पुढे टोलवर एकदा काच वर करायची राहिली आणि तिथला माणूस घाबरून आडवा बांबू वर करून बसला, असं तेच सांगायचे.

सात महिन्यांनी श्रावणातली सकाळ. बेळगावावर धुकं आणि भुरभुर. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली यायचं, धावपट्टी नीट दिसली तर उतरायचं, नाहीतर वर. अगदी शेवटच्या क्षणाला मला दिवे दिसले. जरा डावीकडे, तिरके, पण दिसले. माझा हात वळवायला निघाला होता.

"गो अराउंड!"

एवढा मोठा आवाज त्या छोट्या खोलीत मी कधी ऐकला नव्हता. माझ्या हातांनी आधी ऐकलं. इंजिनांची ताकद वाढवली, नाक वर, धुकं पुन्हा काचेवर आलं. खरं सांगायचं तर मला राग आला होता. मला दिसलं होतं की! वर स्थिर झाल्यावर आप्पा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "धावपट्टी तिरकी होती, कॅप्टन." मी मनात ते चित्र पुन्हा आणलं. तिरकी होती.

आणखी एकदा प्रयत्न केला, काही दिसलं नाही. हुबळीला गेलो. तिथं उतरून थांबलो आणि मागे जो गलका झाला तो दारातून आत ऐकू येत होता. पहिल्याच रांगेत बेळगावचे एक वकील होते, अकराला त्यांची कोर्टात तारीख. त्यांच्या फोनवर बातमी आली होती की आमच्यानंतर वीस मिनिटांनी दुसऱ्या कंपनीचं विमान बेळगावला उतरलं. मग काय विचारता!

मी पट्टा सोडायला लागले तर आप्पा म्हणाले, "तुम्ही बसा. पुढचं हवामान घ्या. हे माझं काम." आणि टोपी घालून बाहेर गेले.

दार अर्धं उघडं होतं. वकीलसाहेबांचा आवाज आला, "मागचं विमान उतरलं, मग तुम्हालाच काय झालं? कॅप्टन बाई आहे म्हणून घाबरली का?"

"न्हाय साहेब," आप्पा म्हणाले. "बाई उतरवायला निघाल्या होत्या. मी परत फिरवलं."

"तुम्ही? का?"

"धावपट्टी सरळ दिसली न्हाय. त्यांना सरळ दिसली असंल, ते उतरले. त्यांचं बरोबर, आमचंबी बरोबर."

"माझी तारीख गेली त्याचं काय?"

"ती माझ्यामुळं गेली. माझं नाव लिहून घ्या, तक्रार करा, मी सही करून देतो. बाईंनी दोन सेकंदांत माझं ऐकलं. माझ्या आयुष्यात मी एवढं लवकर कुणाचं ऐकलं न्हाय."

मग तेच सगळं त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं, मागच्या रांगांना ऐकू जाईल असं. गलका एकदम बंद झाला असं नाही. वकीलसाहेबांनी खरोखरच नाव लिहून घेतलं आणि तक्रार खरोखरच आली. पण त्यांच्या मागच्या सीटवर हिंडलग्याची एक म्हातारी होती. ती सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "लेकरांनो, जमिनीवर बसून भांडायला मिळतंय, भांडा की खुशाल." त्यावर दोघंतिघं हसले. दीड तासानं धुकं उठलं आणि आम्ही सगळ्यांना बेळगावला आणून सोडलं. दारात उभं राहून आप्पांनी वकिलांनाही निरोप दिला, मराठीत. भांडण मराठीत केलेले वकीलसाहेब वळून आपल्या घरच्या कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले आणि आप्पांनी जीभ चावली.

पुढच्या वर्षी आप्पा कॅप्टन झाले. परीक्षेत एकही शेरा नाही. कंपनीनं ईशान्येकडे डोंगरांतली नवी ठिकाणं घेतली होती. तिथं जायला कुणी राजी नव्हतं, आप्पांनी मागून घेतलं. त्यांच्या बाई निपाणीतच राहिल्या, त्यांची नोकरी अजून आहे. सुट्टीत ते येतात, बोरगावला उसाच्या बांधावरून फिरतात आणि वर कुठलंही विमान गेलं की थांबून वर बघतात, असं त्यांच्या बाई सांगतात. मीही आता नव्या कॅप्टनना शिकवते. कामाचा व्याप वाढला, फोन महिन्या-दोन महिन्यांनी होतो.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. मी बेंगळुरूला दोन उड्डाणांच्या मध्ये चहा घेत होते.

"कॅप्टन, आज मला एका पोरीनं परत फिरवलं!"

आवाज असा की मला वाटलं, नातू झाला.

"कुठली पोरगी? काय झालं?"

"माझी सहवैमानिक. तेवीस वर्षांची, इकडचीच हाय, नवीन. लई बुजरी. दोन महिने झाले, 'येस सर'च्या पुढं बोलत न्हवती. मला झोप न्हवती तिच्या काळजीनं. आज उतरताना वेग थोडा वर होता. मी म्हणालो, करेक्ट करतोय. आणि ती म्हणाली की हो! आवाज थरथरत होता, पण म्हणाली. गो अराउंड!"

"मग?"

"मग काय, फिरलो. चाकं वर घेतली, टॉवरला सांगितलं, मग तिला थँक्यू म्हटलं. पुन्हा येऊन नीट उतरलो."

"आप्पा, वेग खरंच फार होता का? नाहीतर तुम्ही मुद्दाम..."

"छे छे! मुद्दाम कसलं? माझीच चूक. घाई केली. पण बरं झालं बघा. लई बरं वाटलं. सगळ्या क्रूला जिलेबी खायला घातलीय, इथं हॉटेलातच हाय. थांबा, तिला देतो."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. पलीकडे कुणीतरी श्वास घेतला आणि एक बारीक आवाज इंग्रजीत म्हणाला, "गुड आफ्टरनून, मॅडम. सर रागावले नाहीत ना खरंच?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांचा आवाज ऐकते आहेस ना तू?"

मागे आप्पा हॉटेलवाल्याला मोडक्या हिंदीत ओरडून सांगत होते, तिच्या ताटात काही राहिलेलं नाही, तिला आधी वाढा.